बेटे जगली की नाही, हे सेन्सरला विचारा

प्रति,
माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

मूलपेशींपासून (स्टेमसेलपासून) तयार केलेल्या स्वादुपिंडाच्या पेशी रुग्णाच्या शरीरात सोडून टाइप वन मधुमेहावर केलेल्या उपचारांची बातमी आपल्या दैनिकात नुकतीच वाचली. अशा बातम्या मी गेली पंधरा वर्षे कात्रणे करून ठेवत आलो आहे, कारण माझ्या मुलीला वयाच्या नवव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह आहे. आनंदाची बातमी होती, यात शंका नाही. परंतु या विषयावरील बहुतेक बातम्यांप्रमाणे तीही एकाच वाक्याभोवती फिरत होती : रुग्णाचे इन्सुलिन सुटले, म्हणजे ते बाहेरून टोचून घेण्याची गरज संपली. नागपुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी एकतीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले. एखाद्या गोष्टीचे यश मोजायला चुकीची मोजपट्टी घेतली की पुढचे सगळे निष्कर्ष वाकडे जातात, हे फळ्यावर लिहून दाखवण्यात माझे आयुष्य गेले आहे. पेशी-प्रत्यारोपणाचे यश कशाने मोजावे आणि ते टिकेल की नाही हे आधी कशावरून ओळखावे, याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी मागतो.

स्वादुपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म पेशीपुंज असतात. पॉल लँगरहॅन्स या जर्मन संशोधकाने १८६९ मध्ये ते प्रथम पाहिले. अवयवाच्या ऊतींमध्ये ते बेटांसारखे विखुरलेले दिसतात म्हणून त्यांना ‘आयलेट’ म्हणजे छोटी बेटे असे नाव पडले. सगळी बेटे एकत्र केली तरी त्यांचे वजन स्वादुपिंडाच्या वजनाच्या एक-दोन टक्केच भरेल, पण इन्सुलिन तयार होते ते तिथेच. टाइप वन मधुमेहात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती या बेटांमधील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. मेंदूमृत दात्याच्या स्वादुपिंडातून ही बेटे एन्झाइमच्या साहाय्याने सुटी करायची, शुद्ध करायची आणि यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेतून सलाइनसारखी सोडायची, म्हणजे ती यकृतात रुजून तिथे इन्सुलिन तयार करू लागतात, अशी या उपचाराची मूळ पद्धत आहे. पोट उघडून करायची मोठी शस्त्रक्रिया टळते. सोडलेल्या बेटांपैकी बरीचशी मात्र पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच रक्तातील दाहक प्रतिक्रियेमुळे मरतात. उरलेल्यांना नव्या रक्तवाहिन्या फुटायला काही आठवडे लागतात, आणि तोवर त्यांच्यावर ताण येऊ नये म्हणून रुग्णाला बाहेरून इन्सुलिन देत राहावे लागते.

कॅनडातील एडमंटन येथे डॉ. जेम्स शॅपिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली सात रुग्णांवरील निकाल प्रसिद्ध केले. सातही जणांचे इन्सुलिन सुटले होते. जगभर आशेची लाट उसळली. तीच पद्धत नऊ केंद्रांत ३६ रुग्णांवर वापरून २००६ मध्ये निकाल आले तेव्हा वर्षअखेरीस १६ जण, म्हणजे ४४ टक्के, इन्सुलिनशिवाय होते, आणि दोन वर्षांनी त्यांतील पाचच उरले. ‘इन्सुलिन सुटले’ हाच निकष धरला तर हा उपचार फसला असे म्हणून फाइल बंद करावी लागली असती. पण ज्यांना पुन्हा थोडे इन्सुलिन सुरू करावे लागले त्यांच्यापैकी अनेकांच्या शरीरात बेटे काही प्रमाणात जिवंत होती, आणि तेवढ्यानेही त्यांची साखर अचानक कोसळून बेशुद्ध पडण्याचे प्रसंग थांबले होते. माझ्या मते या उपचाराचे खरे देणे हेच आहे, आणि बातम्यांत ते शेवटच्या परिच्छेदात जाते किंवा येतच नाही.

हे मी इतक्या आग्रहाने का म्हणतो, ते सांगण्यासाठी घरातली एक रात्र सांगावी लागेल. मुलगी तेव्हा बारावीत होती. मे महिना होता, दिवसाचे तापमान पंचेचाळीसच्या वर गेलेले. रात्री कूलर सुरू असूनही गाद्या गरम लागत होत्या. अडीच-तीनच्या सुमारास पाणी प्यायला उठलो तेव्हा तिची उशी ओली दिसली. नागपूरच्या मे महिन्यात ओल्या उशीचे कुणालाच नवल वाटत नाही. मीही कूलरचे तोंड तिच्याकडे वळवले आणि परत जाऊन आडवा झालो. पंधरा-वीस मिनिटांनी तिच्या आईने हाक मारली. मुलगी काहीतरी असंबद्ध बोलत होती, हात थरथरत होते, आणि अंग घामाने थबथबलेले असूनही हाताला गार लागत होते. बोटाला सुई टोचून पाहिले तर साखर ३८; ती ७० च्या वर असायला हवी. ती गिळू शकत होती, म्हणून चमच्याचमच्याने ग्लुकोजचे पाणी पाजले. ताळ्यावर यायला तिला अर्धा तास लागला. मी जो घाम उन्हाळ्याचा समजलो होतो तो साखर उतरल्याचा होता, आणि तिला स्वतःला त्याची जाग आली नव्हती. अनेक वर्षे टाइप वन असलेल्या रुग्णांमध्ये साखर उतरल्याची धोक्याची घंटा हळूहळू वाजेनाशी होते, हे आम्हाला नंतर कळले.

त्या घटनेच्या आठच दिवस आधी तिच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा, म्हणजे एचबीए-वन-सीचा, अहवाल आला होता : ६.८. ज्या दवाखान्यात आम्ही दाखवत होतो तिथे तो पाहून अभिनंदन झाले होते आणि ‘हेच चालू ठेवा’ असा सल्ला मिळाला होता. त्या रात्रीनंतर दुसऱ्या डॉक्टरांनी दंडावर नाण्याएवढा सेन्सर चिकटवून दिला. तो चौदा दिवस दर पंधरा मिनिटांना एक नोंद ठेवत होता, म्हणजे दिवसाला ९६ आणि एकूण १३४४ नोंदी. त्याचा छापील आलेख हातात आला तेव्हा मी खुर्चीत बसून राहिलो. चौदांपैकी सहा रात्री अडीच ते चारच्या दरम्यान साखर ५४ च्या खाली गेली होती. आम्हाला माहीत होती ती एकच रात्र. उलट सकाळच्या नाश्त्यानंतर, विशेषतः रविवारी तर्री-पोहे खाल्ल्यावर, रेघ २५० ओलांडून जात होती. या दोन टोकांची बेरीज करून भागाकार केला की येणारी सरासरी मात्र देखणी होती.

नागपूरचे वर्षभराचे सरासरी तापमान सत्तावीस अंशांच्या आसपास आहे. तेवढ्यावर विसंबून कुणी इथे राहायला आला तर मे आणि डिसेंबर दोन्ही महिने त्याला भोवतील. विद्यार्थ्यांना प्रमाण विचलन शिकवताना हे उदाहरण मी दरवर्षी देत असे, आणि माझ्याच घरात आठ वर्षे मी सरासरीवर समाधान मानत बसलो होतो. सेन्सरच्या नोंदींवरून साखरेचे प्रमाण विचलन, म्हणजे नोंदी सरासरीपासून किती दूर पसरल्या आहेत याचे माप, काढून त्याला सरासरीने भागले की चलन गुणांक मिळतो. निरोगी माणसांत तो साधारण १७ टक्के असतो. मधुमेहींमध्ये तो ३६ टक्क्यांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवले आहे. त्याच जोडीने २०१९ मध्ये आणखी काही मर्यादा सर्वमान्य झाल्या. दिवसाच्या ७० टक्क्यांहून अधिक वेळ साखर ७० ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या पट्ट्यात असावी, ७० च्या खाली चार टक्क्यांहून कमी वेळ आणि ५४ च्या खाली एक टक्क्याहून कमी वेळ असावी. एक टक्का म्हणजे दिवसातील चौदा-पंधरा मिनिटे. माझ्या मुलीच्या त्या सहा रात्री या हिशेबात कुठे बसतात, ते वाचकांनी स्वतःच पाहावे.

आता हेच प्रत्यारोपणाला लावून पाहू. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले तर रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढू लागताच डॉक्टर सावध होतात, शंका आली तर सुईने तुकडा काढून तपासतात. यकृतभर विखुरलेल्या, मिलिमीटरच्या अंशाएवढ्या बेटांचा असा तुकडा काढून काही हाती लागत नाही. शिवाय बीटा पेशींची एक खोड अशी की त्यांची संख्या बरीच घटली तरी उरलेल्या पेशी जादा काम करून उपाशीपोटीची साखर काही काळ सांभाळून नेतात. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी बिघडेपर्यंत पुष्कळ बेटे कायमची गेलेली असू शकतात, आणि मग औषध बदलूनही ती परत येत नाहीत. अशा वेळी सगळ्यात आधी उघडी पडते ती जेवणानंतरची दोन-तीन तासांची वेळ. भरपूर बेटे असलेल्या माणसाची साखर जेवणानंतर थोडी चढते आणि लवकर खाली येते. बेटे कमी पडू लागली की आधी शिखर उंच होते, मग उतार लांबतो, मग दोन जेवणांमधली दरी भरू लागते. हा क्रम दंडावरच्या सेन्सरला दिसतो. महिन्यातून एकदा प्रयोगशाळेत दिलेल्या रक्ताला तो दिसणे कठीण आहे.

फ्रान्समधील लील येथील संशोधकांनी या दिशेने चिकाटीने काम केले आहे. बेटांच्या कामगिरीला शून्य ते आठ गुण देणारी ‘बीटा स्कोअर’ नावाची पद्धत आहे. तीत उपाशीपोटीची साखर, एचबीए-वन-सी, इन्सुलिनची गरज आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवते तेव्हा सोबत बाहेर पडणारा घटक) हे चार घटक मोजले जातात. लीलच्या गटाने प्रत्यारोपित रुग्णांना सेन्सर लावून या गुणांशी ताडून पाहिले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो : साखर चढू नये यासाठी सातहून अधिक गुण लागतात, म्हणजे बेटे उत्तम चालायला हवीत, परंतु साखर धोकादायकरीत्या कोसळू नये यासाठी तीनहून थोडे अधिक गुणही पुरतात. रात्री तीन वाजता मुलीच्या तोंडात ग्लुकोज घालणाऱ्या बापाला या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अर्धीमुर्धी जगलेली बेटेही तिचा जीव राखू शकतात.

२०२३ मध्ये याच विषयावर आणखी मोठा अभ्यास आला. ३९ केंद्रांतील १२१० रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या गेल्या. शेवटच्या पेशी सोडल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवशी बेटांची कामगिरी जितकी चांगली, तितके पाच वर्षांनंतरचे निकाल चांगले, असा सरळ संबंध त्यात आढळला. पहिल्या महिन्याच्या अखेरीस पुढच्या पाच वर्षांचा अंदाज येतो, ही गोष्ट लहान नाही. अंदाज वाईट असेल तर पुन्हा पेशी द्यायच्या का, औषधे बदलायची का, याचा विचार वेळेत करता येतो. मात्र इथे संख्याशास्त्राच्या शिक्षकाला एक गोष्ट खटकते. अठ्ठाविसाव्या दिवशी काढलेल्या त्या गुणांमध्येही एचबीए-वन-सी आहे, आणि ही चाचणी तर मागच्या दोन-तीन महिन्यांची आठवण धरून ठेवते. म्हणजे प्रत्यारोपणाआधीच्या बिघडलेल्या साखरेची सावली नव्या बेटांच्या प्रगतिपुस्तकावर पडते. सेन्सरच्या नोंदींना असले ओझे नसते. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्याची रेघ त्याच आठवड्यांविषयी बोलते. म्हणूनच पुढील काळात हे भाकीत सेन्सरच्या आकड्यांवर अधिकाधिक बेतले जावे असे मला वाटते. या क्षेत्रातील तज्ज्ञही त्याच दिशेने जात आहेत. २०१७ मध्ये ऑस्ट्रियातील इग्ल्स या गावी जमून त्यांनी यशाच्या चार पायऱ्या ठरवल्या. त्यांतील दुसऱ्या पायरीवर, म्हणजे ‘चांगल्या’ निकालात, पूर्वीच्या निम्म्याहून कमी इन्सुलिन लागत असले तरी चालते, पण साखर कोसळून दुसऱ्याची मदत घ्यावी लागण्याचा एकही प्रसंग चालत नाही. पुढे या निकषांना सेन्सरच्या नोंदींची जोड देण्याचेही सुचवले गेले.

सेन्सरच्या मर्यादा सांगितल्या नाहीत तर हे पत्र एकांगी ठरेल. साखर खाली येण्याचे श्रेय बेटांचे की सुईचे, हे सेन्सर सांगू शकत नाही. त्यासाठी सी-पेप्टाइड लागतेच, कारण ते शरीराने स्वतः तयार केलेल्या इन्सुलिनसोबतच बाहेर पडते आणि बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये नसते. सेन्सर रक्तातली साखर थेट मोजत नाही. त्वचेखालच्या द्रवातली मोजतो, त्यामुळे साखर झपाट्याने बदलत असताना त्याचा आकडा काही मिनिटे मागे असतो. सेन्सर लावलेल्या दंडावर झोपले तर दाबामुळे तो खोटी कमी साखर दाखवतो. माझी मुलगी डाव्या कुशीवर झोपते, म्हणून आम्ही सेन्सर उजव्या दंडावर लावतो. आणि आपल्या उन्हाळ्यात घामाने चिकटपट्टी सुटते, ही तक्रार विदर्भातला प्रत्येक सेन्सर वापरणारा करील. या उणिवा माहीत असलेल्या डॉक्टरने आलेख वाचला तर त्या भरून काढता येतात.

एचबीए-वन-सीच्या बाबतीत मात्र आपल्या भागाची अडचण अधिक खोल आहे, आणि तिच्याकडे आपल्या वाचकांतील डॉक्टरांनी आवर्जून लक्ष द्यावे. ही चाचणी लाल पेशींना चिकटलेल्या साखरेवर अवलंबून आहे आणि लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात असे तीत गृहीत धरलेले असते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांत त्या जेमतेम दहा-वीस दिवस जगतात, त्यामुळे साखर चिकटायला पुरेसा वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. लोहाच्या कमतरतेच्या अ‍ॅनिमियात तो उलट वाढीव येऊ शकतो. नागपूर, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात सिकलसेल किती पसरलेला आहे हे मी वेगळे सांगायला नको, आणि अ‍ॅनिमिया तर घराघरात आहे. ज्या प्रदेशात ही सरासरी मुळातच लटपटती आहे, तिथे मधुमेही मुलांचे सगळे निर्णय तिच्यावर सोपवणे मला धोक्याचे वाटते. प्रत्यारोपणानंतरही तोच घोळ होतो. संसर्ग टाळण्यासाठी काही रुग्णांना डॅप्सोन दिले जाते आणि त्याने एचबीए-वन-सी खोटे कमी दिसते. प्रतिकारशक्ती दडपून नव्या बेटांचे रक्षण करणारे टॅक्रोलिमससारखे औषध तर स्वतःच बीटा पेशींना त्रास देते आणि साखर वाढवते.

आता आपल्या बातमीच्या विषयाकडे येतो. मेंदूमृत दात्यांची संख्या कुठेही अपुरीच असते आणि अनेकदा एका रुग्णासाठी दोन दात्यांची स्वादुपिंडे लागतात, म्हणून प्रयोगशाळेत मूलपेशींपासून बेटे वाढवण्याचे प्रयत्न सुरू झाले. झिमिस्लेसेल नावाच्या अशा उपचाराचे निकाल जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण मात्रा मिळालेल्या बाराही रुग्णांची साखर ७० टक्क्यांहून अधिक वेळ योग्य पट्ट्यात राहिली, गंभीररीत्या साखर उतरण्याचे प्रसंग थांबले, आणि वर्षअखेरीस दहा जण इन्सुलिनशिवाय होते. मथळे दहाचे झाले. मला बारा हा आकडा मोठा वाटतो, कारण ज्या दोघांना थोडे इन्सुलिन लागत होते तेही रात्री सुरक्षित झोपू लागले होते. तरीही हे बारा जणांचे एक वर्ष आहे, आणि एडमंटनच्या सात जणांनंतर काय झाले ते वर सांगितले आहे. याच चाचणीत दोन रुग्ण दगावले, त्यांतील एक प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांच्या छायेत झालेल्या बुरशीजन्य मेंदूज्वराने, हेही बातमीत यायला हवे होते. चीनमधील तियानजिन येथे पंचवीस वर्षांच्या एका तरुणीच्या स्वतःच्याच पेशींपासून बेटे तयार करून तिच्या पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली बसवण्यात आली. २०२४ मध्ये तो वृत्तांत आला. पंचाहत्तर दिवसांनी तिचे इन्सुलिन थांबले, हे सर्वत्र छापून आले. मी कात्रणाच्या समासात लिहून ठेवला तो दुसरा आकडा : तिची साखर योग्य पट्ट्यात राहण्याचा वेळ ४३.१८ टक्क्यांवरून चौथ्या महिन्यात ९६.२१ टक्क्यांवर गेला. ज्याला आलेख वाचता येतो त्याला यात त्या मुलीचा दिवस आणि रात्र दोन्ही दिसतात.

अशा बातम्या आल्या की आठवड्याभरात फोन येऊ लागतात. गेल्या वर्षी बाहेरच्या शहरातील एका केंद्रातून आम्हाला फोन आला. ‘स्टेमसेलने टाइप वन कायमचा बरा करतो’ असे सांगून काही लाखांचा खर्च आणि लगेच भरायची आगाऊ रक्कम सांगण्यात आली. आधीच्या रुग्णांचे सेन्सरचे आलेख आणि सी-पेप्टाइडचे अहवाल दाखवा, एवढेच मी म्हटले. फोन ठेवला गेला, पुन्हा आला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांसाठीचे मूलपेशी-प्रत्यारोपण वगळता असा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही, आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. विदर्भातील पालकांनी घर गहाण टाकण्याआधी मी विचारलेल्या दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात.

मग नागपूरने काय करावे? इथे उद्याच्या उद्या बेटांचे प्रत्यारोपण सुरू करा अशी मागणी मी करणार नाही. त्यासाठी लागणारी निर्जंतुक प्रयोगशाळा, काही तासांत स्वादुपिंड पोहोचवून त्यातून बेटे सुटी करू शकणारे प्रशिक्षित हात आणि आयुष्यभराची महागडी औषधे यांचा हिशेब मोठा आहे. अवयवदानात मात्र आपले शहर मागे नाही. विभागीय समन्वय केंद्रामुळे मूत्रपिंड आणि यकृत यांसाठी ग्रीन कॉरिडॉर झाल्याचे आपण वाचतो. त्या बातम्यांत स्वादुपिंडाचे नाव क्वचितच दिसते, आणि त्याचाही विचार आता सुरू व्हायला हरकत नाही.

आज जे जमण्यासारखे आहे ते एवढे : मेडिकल, मेयो आणि एम्स या इथल्या शासकीय रुग्णालयांत येणाऱ्या टाइप वनच्या प्रत्येक मुलाला तीन महिन्यांतून एकदा चौदा दिवसांसाठी सेन्सर मोफत लावावा. एका सेन्सरची किंमत काही हजार रुपये आहे. ती मध्यमवर्गीय घराला जड जाते, आणि ज्या घरात फ्रीज नसल्याने इन्सुलिनची बाटली ओल्या माठात ठेवतात त्या घराच्या तर ती आवाक्याबाहेरच आहे. पण रात्री साखर उतरल्याने अतिदक्षता विभागात काढाव्या लागणाऱ्या एका दिवसाच्या खर्चाशी ती ताडून पाहावी. या मुलांच्या नोंदी नाव वगळून एका ठिकाणी नीट जपाव्यात. झोपेत साखर उतरूनही ज्यांना जाग येत नाही अशी मुले त्यातून आजच ओळखता येतील आणि त्यांचे इन्सुलिन आजच बदलता येईल. आणि पेशी-प्रत्यारोपण भारतात सर्रास होऊ लागेल तेव्हा ते सगळ्यात आधी कुणाला द्यायचे, या प्रश्नाचे उत्तर नागपूरकडे तयार असेल. अमेरिकेत जून २०२३ मध्ये दात्याच्या बेटांपासून केलेल्या उपचाराला मान्यता मिळाली तीही वारंवार गंभीररीत्या साखर उतरणाऱ्या प्रौढ रुग्णांपुरतीच आहे. अशा रुग्णांची प्रत्यारोपणाआधीची दोन-चार वर्षांची रेघ हाताशी असेल तरच नंतरच्या रेघेत नेमका किती फरक पडला ते प्रामाणिकपणे सांगता येते. ही आधीची नोंद मागाहून तयार करता येत नाही.

वार्ताहर मित्रांना एक विनंती आहे. अशा उपचाराची बातमी देताना इन्सुलिन सुटले का, यासोबत चार गोष्टी विचाराव्यात. योग्य पट्ट्यातील वेळ किती टक्के होता, ५४ च्या खाली किती वेळ गेला, सी-पेप्टाइड किती आढळले, आणि हे सगळे किती महिने टिकले. उत्तर चार ओळींत बसते आणि वाचणाऱ्या आईबापांची फसगत टळते.

माझी मुलगी आता चोवीस वर्षांची आहे. ती स्वतःचा आलेख स्वतः वाचते आणि रात्रीचे इन्सुलिन त्यानुसार कमी-जास्त करते. गेल्या तीन महिन्यांत ५४ च्या खाली ती एकदाही गेलेली नाही. पहिल्या सेन्सरपासूनचे तिचे सगळे आलेख मी तारीखवार फायलींत लावून ठेवले आहेत, आणि कोणत्या दिवशी काय खाल्ले, कुठे ताप आला, परीक्षा कधी होती, हे समासात लिहिले आहे. नागपुरातील कोणत्याही शासकीय रुग्णालयाने अशा नोंदी जमवायला सुरुवात केली तर त्या फायली तिच्या संमतीने मी स्वतः नेऊन देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षक,
नंदनवन, नागपूर